तुझ्या वस्तू मी परत मागितल्या

प्रज्ञा, तू गेल्यानंतर मला पहिल्यांदा दिसलीस ती रेडवेवर, सेंटरकडं जाणाऱ्या अंडरपासच्या तोंडाशी. मी वर गाडीत, राउंडअबाउटच्या रांगेत अडकलेली. खाली त्या लाल डांबराच्या पायवाटेवरून तू चालली होतीस. तोच बाटलीहिरवा कोट, कोपरावर मोहरीच्या रंगाच्या दोऱ्यानं केलेलं ठसठशीत रफू, आणि उजवा खांदा किंचित खाली सोडून चालायची तुझी तीच तऱ्हा. मागच्यानं हॉर्न मारला. या देशात हॉर्न म्हणजे शिवीच, त्यामुळं मी निमूट पुढं सरकले आणि पुढच्या राउंडअबाउटला पूर्ण चक्कर मारून परत आले. तोवर तू आत शिरली होतीस. पलीकडच्या तोंडाला गाडी लावून मी वाट बघत बसले. एक कुत्रा बाहेर आला, त्याच्यामागून त्याचा मालक आला. तू काही आली नाहीस.

तुला अग्नी देऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. आणि मी कोण, तर तुझी वहिनी, आयटीत पोराटोरांकडून डेडलाइनी पाळून घेणारी बाई. भुताखेतांचं मला वावडं. आपल्या बौद्ध घरात तर आत्माच मानत नाहीत, मग भूत आणायचं कुठून? म्हणून घरी येऊन मी सरळ मिलिंदला विचारलं, "तुझ्या बहिणीनं तो हिरवा कोट कुणाला दिला रे?"

"वानखेडे काकूंना. का गं?"

मी म्हटलं, काही नाही, सहज. चला, काकू असतील. कणीक मळायला घेतली आणि हात तसेच थांबले. काकू तुझ्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत. त्यांच्या अंगावर तो कोट पार घोट्याला टेकला असता.

तुझं ते वाटप आठवलं की अजून डोकं फिरतं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं, तू ऐकून घेतलंस, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक वस्तू काढायला लागलीस. आधीच तुझ्याकडं वस्तू त्या किती. पण प्रत्येकीसाठी माणूस शोधलास, माप घेऊन. कोट काकूंना, कारण त्या हट्टानं सगळीकडं चालत जातात. बूट आणि सायकल तुझ्या शेजारच्या केरळी नर्सला, कारण तिचं पाऊल तुझ्याएवढं. कुकर नॉटिंगहॅमला शिकणाऱ्या आपल्या समाजातल्या मुलांना, नवी रिंग बसवून, शिट्टी साफ करून. टेबललॅम्प, खुर्ची, शाल, चष्म्याची फ्रेमसुद्धा. तू गेलीस तेव्हा फ्लॅट रिकामा करायला आम्हाला एक सकाळही लागली नाही. एजंट चाव्या घ्यायला आला, खोल्या बघून आला आणि म्हणाला, "सॉरी, इथं कुणी राहत होतं का नक्की?" मिलिंद खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

सगळ्या गावाला दिलंस. मला? माझ्या मात्र तोंडाला पानं पुसलीस. एक चमचा नाही, एक रुमाल नाही. सख्ख्या भावाची बायको मी, शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये रोज डबा आणणारी. कारण विचारायचा धीर झाला नाही, आणि तू आपणहून बोलली नाहीस.

कारण मला ठाऊक नाही असं नाही. आपलं भांडण.

भांडण म्हणजे तरी काय, रोजचंच. तू घरात पाऊल टाकायचीस आणि दाराशी पडलेल्या खोक्यांकडं बघून म्हणायचीस, "आज कोण आलं?" जसं पाहुणेच आलेत. मग ती वस्तू हातात घेऊन, उलटी करून, तिचे स्क्रू शोधायचीस. स्क्रू नसले, चिकटवलेली असली, की तुझं ठरलेलं, "वहिनी, ही मेल्यावर हिचं काय करायचं?" मी म्हणायचे, अगं, आत्ता जन्मलीय, जरा जगू दे तिला. एअरफ्रायरला असं बोललीस, व्हॅक्यूमला बोललीस, आमच्या लेकीच्या हेडफोनला बोललीस. माझ्या गॅरेजला तर तू नावच ठेवलं होतंस, एक ना धड भाराभर चिंध्या.

मला राग यायचा, पण तू हे कुठून बोलतेस ते माहीत होतं. हँड ब्लेंडरच्या त्या कंपनीत असताना तुझ्याकडं एक क्लिप डिझाइन करायला दिली होती. नखाएवढी. तू ती चांगली जाड काढलीस आणि वरून सांगितलं गेलं, पातळ कर. पुन्हा काढलीस, पुन्हा पातळ कर. शेवटी तुला उमगलं की ती तुटावी अशीच त्यांची इच्छा आहे, आणि तुटली की सबंध ब्लेंडर फेकावा लागावा. "वहिनी, माझं शिक्षण त्यांनी वस्तूला वेळेवर मारायला वापरलं," असं म्हणाली होतीस. नंतर नोकरी सोडलीस आणि शनिवारी हॉलमध्ये लोकांचे टोस्टर उघडून दुरुस्त करत बसायला लागलीस. तिथं म्हणे एका बाईनं तोच ब्लेंडर आणला होता. तुझीच क्लिप तुटलेला. तू तो हातात घेऊन किती वेळ नुसती बसलीस, हे तिनंच मला सांगितलं.

पण खरं भांडण झालं ते वाटपाच्या वेळी. मी फटकन बोलले. म्हटलं, "तुझ्या साधेपणाचं कौतुक या गोऱ्यांना सांग. माझ्या बापाकडं एकच सदरा होता, त्याला कुणी मिनिमलिझम म्हटलं नाही. आपल्या आजी-पणजींना मेलेल्यांच्या अंगावरची कापडं नेसावी लागली. सक्तीनं. त्यातून आपण बाहेर पडलो ते कोरं कापड अंगावर घालून. माझ्या दारात नवं खोकं येतं ना, त्याचा तो कोरा वास येतो, तेव्हा माझ्या आईला काय वाटलं असतं ते मला कळतं. मी कुणाचं उतरलेलं घालणार नाही. तुझंसुद्धा नाही."

तू इतकंच म्हणालीस, "म्हणून तर जिवंतपणी देतेय, वहिनी. मेल्यावर कुणी काढून घेऊ नये म्हणून." आणि डोळे मिटून घेतलेस. औषधाचा अंमल होता. मी डबा उचलून निघाले. त्या दिवशीचं भांडण तिथंच राहिलं, ना तुझं संपलं, ना माझं.

तू गेल्यावर दोन महिन्यांनी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉलच्या दाराशी सगळ्यांचे बूट काढलेले होते. त्यात तुझे होते. तपकिरी, नव्या नाडीचे, टाचा लांब आणि टोकं एकमेकांकडं वळलेली, तू काढून ठेवायचीस तशीच. आत वंदना सुरू झालेली, पांढऱ्या कपड्यांत सगळे बसलेले, आणि मला हळूहळू तू दिसायला लागलीस. एकीच्या खांद्यावर तुझी शाल. पुढच्या रांगेत तुझी पिशवी मांडीवर. कोपऱ्यात कुणीतरी तुझ्या फ्रेममधून माझ्याकडं बघत होतं. तिसरं शरण म्हणताना मी चुकले. अख्ख्या हॉलभर तू विखरून बसली होतीस, आणि माझ्याजवळची तेवढी जागा मोकळी होती.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर मेसेज टाकला. प्रज्ञाची एखादी वस्तू तुमच्याकडं असेल तर कृपया घरी आणून द्यावी, स्मृती म्हणून एकत्र ठेवायच्या आहेत. मिलिंद म्हणाला, "दान दिलेलं परत मागतात का?" मी म्हटलं, "मागतात. आपल्या थोर माणसांचे कोट, चष्मे, लेखण्या आपण काचेत जपल्यात की नाही? मग माझ्या नणंदेचे का नाही?" 

लोक किती भले गं. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळून, जय भीम ताई म्हणत, दोन्ही हातांनी आणून दिलं. त्यांना वाटलं आपण एखादं दालनच उभारतोय. नर्स तर ड्युटीवर जायच्या आधी सायकल आणि बूट दारात ठेवून मोज्यांवर टॅक्सीत बसली. मी तिला थांबवायला हवं होतं. मी बूट उचलले आणि दार लावलं.

वरच्या रिकाम्या खोलीत मी सगळं लावलं. तुझी खुर्ची खिडकीशी, लॅम्प बाजूला, कोट हँगरला लावून पडद्याच्या रॉडवर, बूट त्याच्या बरोबर खाली. पिशवी खुर्चीच्या पाठीला. चष्मा, लॅम्पच्या पायाशी. चारच्या सुमारास अंधारायला लागतं ना इथं, त्या वेळी दिवा न लावता मी दाराशी उभी राहिले. खोली भरली होती. म्हणजे खोलीत कुणीतरी आहे असं वाटत होतं, आणि ते कुणीतरी माझ्याकडं पाठ करून होतं.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रोज ऑफिसची शेवटची मीटिंग संपली की मी तिथं जाऊन बसायचे. जमिनीवर. खुर्चीत बसवत नव्हतं. खुर्चीच्या गादीला तुझ्या बसण्याचा खोलगा होता, तो काही भरून येत नव्हता. उलट एके दिवशी मला तो जास्तच खोल वाटला.

आमची लेक मित्रा त्या खोलीत जायची बंद झाली. "मम्मी, मी त्या रूममध्ये नाही जाणार. तो खुर्ची माझ्याकडे बघतो."

"ती खुर्ची. आणि खुर्ची कशी बघेल?"

"आय नो. पण बघतो."

तिला रागावले आणि जाऊन त्या खोलीचं दार ओढून घेतलं.  मिलिंद चहा करायचा आणि ट्रेमध्ये चार कप ठेवायचा. मी बघितलं की चौथा उचलून सिंकमध्ये ओतायचा.

मग पार्सलवाला आला. डिशवॉशरच्या गोळ्यांचं खोकं होतं, आणखी काही नाही. मी बाहेरून येत होते, त्यानं ते कचऱ्याच्या बिनच्या आड ठेवलेलं. म्हणाला, "बेल वाजवली, पण वरच्या खिडकीतून तुमच्या मदरनी हातानं खूण केली, तिथं ठेव म्हणून." मी म्हटलं, वर कुणी नाहीये. तो हसला, "ग्रीन कोटातल्या. दोन-तीनदा हात हलवला त्यांनी." आणि व्हॅनमध्ये बसून गेला. मी वर गेले. कोटाची उजवी बाही जरा पुढं आली होती, रॉडवर हँगर थोडा फिरला होता. वाऱ्यानं झालं असेल म्हणायला खिडकी बंद होती, कडी लावलेली.

मला भीती वाटली ती तुझी नाही, प्रज्ञा. तू मला घाबरवशील असा तुझा स्वभाव नव्हता. भीती अशी वाटली की त्या खोलीत जे काही जमलं होतं ते तू नव्हतीस. तुझ्या मापाचं काहीतरी होतं. तू असतीस तर त्या खोक्याकडं बघून पहिल्यांदा मला टोमणा मारला असतास. हे नुसतं हात हलवत होतं.

दुसऱ्या दिवशी पावसाची भुरभुर होती. सुपरमार्केटजवळच्या बसस्टॉपवर वानखेडे काकू दिसल्या. चालणारी बाई बसची वाट बघत उभी. अंगात एक पातळ रेनकोट, खाली स्वेटरवर स्वेटर, थंडीनं नाक लाल झालेलं. मी गाडी थांबवून त्यांना आत घेतलं, हीटर वाढवला.

"काकू, तुम्ही आणि बसनं?"

"चालवत नाही बाई आता. गार लागते लय." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू कोट का मागितला ते मी विचारत नाही. घरची माणूस आहेस. पण एक सांगते. तो कोट घातला की रेडवेवर लोक मागून हाक मारायचे, प्रज्ञा म्हणून. सायकलवाली पोरं, तो कुत्रेवाला म्हातारा. पयले मी थांबून सांगायची, बाबा, ती गेली. त्याचं तोंड उतरायचं. मग मी सांगणंच सोडलं. हात हलवायची आणि पुढं चालायची. त्याचाही दिवस बरा जायचा, माझाही."

मी विचारलं, "त्या अंडरपासपाशी, ती गेल्यानंतर लगेच, मी वर गाडीत होते. तुम्हीच होतात ना?"

काकूंनी आठवून बघितलं. "तेव्हा तर मी पोराकडं होती, स्टॅनमोरला. अंत्यविधी झाल्यावर तोच घेऊन गेला मले. महिनाभर ठेवलं. कोट इथंच होता, माझ्या घरी, खुंटीले."

वायपर चालू होते.  काकू एवढंच म्हणाल्या, "तिले चालायची सवयच होती."

काकूंना घरी सोडून मी तशीच वर गेले आणि अंगातला कोट न काढताच तुझा कोट रॉडवरून उतरवला. अस्तरात हात घातला तर ते कोमट होतं. त्या खोलीतला रेडिएटर मी कधी लावलेलाच नव्हता. मी कोट हातावर घेतला, लहान मूल घेतात तसा, आणि जिन्यातून खाली आले. मागं वळून बघितलं नाही. त्या संध्याकाळी तो काकूंच्या अंगावर मीच चढवला, बटणं मीच लावली. खरंच घोट्याला टेकला.

उरलेलं सामान शनिवारी परत केलं. मिलिंद आणि मी, गाडीची मागची सीट पाडून. सगळ्यांना म्हणत सुटले, माफ करा, आमचा विचार बदलला. नर्सनं बूट दारातच पायात घातले आणि टाच आपटून बघितली, बाजारात बघतात तशी. कुकर आणून देणाऱ्या पोरांना तो परत मिळाल्याचा इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला खिचडी खायला बसवलं. वेगळाच वास होता तुझ्या कुकरच्या खिचडीला, लसूण जाळलेली. एकेक वस्तू गाडीतून उतरत गेली तसं मला हलकं नाही वाटलं. हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखंच वाटलं. हे तुला सांगून ठेवते, उगीच तुझा गैरसमज नको की वहिनी सुधारली.

परत येताना मोटरवेवर अंधार झाला आणि मला हुडहुडी भरली. मिलिंदला म्हटलं, "माझा तो करडा स्वेटर कुठं गेला रे, कधीपासून सापडत नाही. लाँड्रीत हरवला बहुतेक."

त्यानं हीटर वाढवला. मग म्हणाला, "प्रज्ञाकडं आहे."

मला कळेना. "तिच्याकडं म्हणजे? कुणाला दिला तिनं माझा स्वेटर?"

"कुणाला नाही. तिच्या अंगात होता. पांढऱ्या साडीच्या आत. अंत्यविधी करणाऱ्या अंडरटेकरकडं मीच नेऊन दिला. दहनाला ते नायलॉन वगैरे घालू देत नाहीत ना, तिनं आधीच लेबल वाचून ठेवलं होतं. म्हणाली, शंभर टक्के लोकर आहे, चालेल. वहिनीच्या घरातली ही एकच वस्तू धड आहे."

मग मला आठवलं. हॉस्पिसमध्ये एका दुपारी तुला थंडी भरली होती. मी नर्सला ब्लँकेट आणायला सांगत होते, तर तू माझी बाही धरून म्हणालीस, "ते नको. तुझ्या अंगातला दे." मी काढून दिला. ऊबदार होता, माझ्या घामाचा, फोडणीचा वास असलेला. कोपराला विरलेला. तू तो घातलास, नाकापर्यंत ओढून घेतलास आणि झोपलीस. मी डबा घेऊन घरी आले आणि विसरून गेले.

जिनं माझ्या दारातल्या प्रत्येक खोक्याला नावं ठेवली, तिनं जाताना माझं उतरलेलं घातलं. मागून घेतलं. मला एवढं सगळं सुनावून ठेवायचं होतं तुला, प्रज्ञा, आजीचं, पणजीचं, हक्काचं. त्यातलं अजूनही मी काही मागं घेत नाही. पण तू भांडणात असं काही करशील असं वाटलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी मिलिंदला विचारलं. गाडीत बसून रडायला लागले होते.

"तिनंच बजावलं होतं," तो म्हणाला. "म्हणाली, वहिनीला सांगू नकोस, दादा. ती लगेच नवीन मागवेल."

काल मी लॅपटॉप उघडून स्वेटर बघितले. तसाच एक सापडला, करडा, पुढून बटणांचा. बास्केटमध्ये टाकला, पत्ता भरला, आणि बराच वेळ ते ऑर्डरचं शेवटचं बटण बघत बसले. मग लॅपटॉप मिटला. थंडी वाजते गं, प्रज्ञा. वाजू दे.